नाताळचे ऑर्गनवादन ऐकताना काय लक्षात घ्यावे?

प्रश्न: आमच्या जवळच्या चर्चमध्ये नाताळनिमित्त पाइप ऑर्गनचे एकल वादन आहे. हार्मोनियमपलीकडे ओळख नसलेल्या श्रोत्याने काय ऐकावे आणि कुठे बसावे?

उत्तर १: अठराव्या शतकातील फ्रेंच वादक दाकँ यांची ‘नोएल’ (नाताळगीतावर रचलेले वादन) कार्यक्रमात असल्यास तिथूनच सुरुवात करावी, कारण लोकांच्या ओठांवरची नाताळगीताची चाल आधी साधी वाजते आणि मग दर फेरीला अधिक जलद, अधिक नक्षीदार होत जाते. विसाव्या शतकातील फ्रेंच संगीतकार मेसियां यांच्या १९३५ सालच्या नऊ भागांच्या नाताळविषयक रचनेतले स्वर मात्र प्रथमच ऐकणाऱ्याला बुचकळ्यात टाकतात. वादकाचे पाय दिसत असतील, तर ते अवश्य पाहावेत. खर्जाची चाल बहुतेक वेळा तेच पायांखालच्या पट्ट्यांवर वाजवतात. नळी जितकी लांब तितका सूर खालचा: १६ फुटी, वरून उघडी नळी ८ फुटीपेक्षा एक सप्तक खाली बोलते.

उत्तर २: नळ्यांच्या अगदी पुढ्यात बसू नये. थोडे मागे बसल्यास घुमारा एकजीव ऐकू येतो.

उत्तर ३: थंडीत चर्च ऐनवेळी तापवले, तर शिट्टीसारख्या नळ्यांचा सूर चढतो, पण जिभेच्या नळ्या (ज्यांत धातूची पातळ पट्टी थरथरून सूर निघतो) तेवढ्या चढत नाहीत, त्यामुळे त्यांचे कर्ण्यासारखे स्वर किंचित बेसूर वाटल्यास दोष वादकाचा नसतो.