बेलचा कॅमेरा आणि समोरचं दार

बी-३०१ काकू: ३०२, तुझ्या नवीन बेलमध्ये कॅमेरा आहे ना रे? तो सरळ आमच्या दारात बघतो. सकाळी गाऊनवर दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं तर निळा दिवा पेटला.

बी-३०२: हो काकू. मार्चमध्ये दारातून पार्सल गेलं तेव्हा याच ग्रुपवर सगळे म्हणाले, कॅमेरा लाव. लावला. निळा दिवा म्हणजे हालचाल टिपली, एवढंच.

बी-३०१ काकू: म्हणजे टिपलंच की!

सी-२०५: काकू, सरळ पोलिसात जा. प्रायव्हसीचा कायदा आलाय, २५० कोटींपर्यंत दंड आहे.

बी-३०२: साहेब, बेल साडेचार हजारांची आहे.

ए-१०४ आप्पा: २०५, आकडा बरोबर, जागा चुकली. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मी वाचलाय. ४४ कलमांचा आहे, एका दुपारी होतो. कलम ३ मध्येच म्हटलंय की एखाद्याने स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी डेटा वापरला तर हा कायदा लागू नाही. चोरून बघण्याचं कलम (पूर्वी दंड संहितेत ३५४-सी, आता न्याय संहितेत ७७) बाईच्या खासगी क्षणांसाठी आहे, पॅसेजमधलं दूध त्यात बसवणं अवघड. खासगीपणा मूलभूत हक्क आहे हे सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये सांगितलं, मान्य. पण तेवढ्यावर ३०१ विरुद्ध ३०२ लढायचं तर निकालाला तुमची नातवंडं हजर राहतील. कोर्टात कारकुनी केलीय म्हणून सांगतो.

बी-३०२: धन्यवाद आप्पा 🙏

ए-१०४ आप्पा: थांब, खूश होऊ नकोस. पॅसेज सोसायटीचा आहे. भिंतीला भोकं पाडताना कमिटीला विचारलंस?

बी-३०२: भोकं नाहीत, डबल टेप आहे.

ए-१०४ आप्पा: बरं, टेप. आवाज रेकॉर्ड होतो का?

बी-३०२: होतो बहुतेक. ॲपमध्ये बघतो.

ए-१०४ आप्पा: तो आधी बंद कर. चित्रात काय, चपला दिसतात. पण माणसं निघता निघता दाराशी अर्धा तास जे बोलतात ते घरातसुद्धा बोलत नाहीत.

बी-३०१ काकू: अगं बाई. परवा मी आणि २०३...

[हा मेसेज डिलीट केला आहे]

ए-४०२: काकू आम्ही वाचलं 😄

बी-३०२: आवाज बंद केला. ॲपमध्ये झोन आखायची सोय पण आहे, जेवढा भाग काळा करू तेवढा रेकॉर्ड होत नाही. बेलखाली तिरकी पट्टी लावून तोंड लिफ्टकडे वळवतो.

ए-१०४ आप्पा: शाब्बास. आता माझा मुद्दा. सेक्रेटरी आहेत का?

सेक्रेटरी: आहे, बोला.

ए-१०४ आप्पा: एका बेलवर सकाळपासून भांडतोय, आणि गेटवरच्या टॅबलेटमध्ये कामवाल्या बायका, डिलिव्हरीची पोरं, आपले पाहुणे, सगळ्यांचे फोटो नि नंबर दोन वर्षं जमा होतायत. ते घरगुती काम नव्हे, तिथे हा कायदा लागतो. माझी बहीण गेटवर नंबर देऊन आली, आठवड्यात तिला प्लॉट विकणाऱ्यांचे फोन. इथूनच गेला असं मी म्हणत नाही. पण इथून गेला नाही असं तुम्हाला म्हणता येईल?

सेक्रेटरी: टॅबलेटवाल्या कंपनीशी करार मागच्या कमिटीने केलाय. डेटा कंपनीच्या सर्व्हरवर असेल.

ए-१०४ आप्पा: "असेल" नको. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्यांना १८ महिने मुदत आहे. तोवर कंपनीला लेखी विचारा: किती दिवस ठेवता, कोणाला देता, पाहुणा गेल्यावर पुसता का. डिलिव्हरीच्या पोराचा फोटो जन्मभर ठेवून आपण काय करणार?

सी-२०५: पण सिक्युरिटीचं काय? चोरी झाली तर?

ए-१०४ आप्पा: महिनाभर ठेवा की. चोरी दोन वर्षांनी लक्षात येत असेल तर ती वस्तू नकोच होती.

सेक्रेटरी: मेल करतो. उत्तर आलं की इथे टाकतो.

बी-३०२: काकू, झालं. तुमचं दार आता काळं दिसतं, आवाज बंद.

बी-३०१ काकू: बरं केलंस हो. अरे पण, गुरुवारी माझी दुधाची पिशवी कोणीतरी उचलली. तेव्हाचं आहे का त्यात? तेवढं बघ ना.