स्मार्टफोनमधलं २जी बंद ठेवावं का?

सुमेध: माझं स्पष्ट मत आहे, ज्यांच्या फोनमध्ये सोय आहे त्यांनी २जी, म्हणजे मोबाइलचं जुनं नेटवर्क, आजच बंद करावं. २जीत सिमला आपली ओळख टॉवरला पटवावी लागते, पण टॉवर खरा की खोटा हे फोन विचारतच नाही. त्यामुळे गाडीच्या डिकीत ठेवलेलं यंत्रही टॉवर बनतं, आसपासच्या फोनना २जीवर ओढतं आणि बँकेच्या नावाने मेसेज सोडतं. तो मेसेज कंपनीच्या नेटवर्कमधून येतच नाही, म्हणून तिथली स्पॅमची चाळणी त्याला लागत नाही. अँड्रॉइड १२ पासून बऱ्याच फोनमध्ये २जी बंद करायचं बटण आहे.

गोदाकाठ: आणि माझ्या आईने काय करायचं? सुरगाण्याकडे आमच्या पाड्यावर गोठ्याच्या कोपऱ्यात उभं राहिलं की रेंजच्या दोन काड्या येतात, त्याही २जीच्या. मागच्या पावसाळ्यात वहिनीला रात्री कळा सुरू झाल्या, तेव्हा १०८ ला फोन आईच्या साध्या फोनवरूनच लागला. शिवाय लोक फसतात ते टॉवरमुळे नाही हो. गोड बोलून ओटीपी काढून घेतात!

सुमेध: आईंचं नेटवर्क चालूच राहायला हवं, त्याबद्दल वाद नाही. मी माझ्या-तुमच्या स्मार्टफोनबद्दल बोलतोय. अँड्रॉइडवर त्या बटणाने २जी बंद केलं तरी आणीबाणीचा कॉल २जीवरून जातो.

टॉवरवाला: ओटीपी न सांगताही चोरीला जातो, गोदाकाठ. मोबाइल कंपन्यांची नेटवर्कं एकमेकांशी बोलतात ती एसएस७ ही पद्धत १९७० च्या दशकातली, आत आलेल्या प्रत्येकावर विश्वास ठेवणारी. २०१७ मध्ये जर्मनीत चोरांनी आधी खातेदारांचे पासवर्ड मिळवले, मग एसएस७ वापरून बँकेचे एसएमएस स्वतःकडे वळवले आणि पैसे काढले. त्या लोकांनी ओटीपी कुणालाच सांगितला नव्हता. इथे सुमेधचं बटणही कामाचं नाही. एसएमएसवरचा ओटीपीच बंद व्हायला हवा.

मीनल: पण आता ५जी आलंय ना? त्यात सिमची ओळख झाकूनच पाठवतात.

टॉवरवाला: ५जीचा कोअर, म्हणजे टॉवरच्या मागची मुख्य यंत्रणा, स्वतंत्र असेल तर. ४जीच्या कोअरवर चालणाऱ्या ५जीत तो पडदा नाही, आणि फोनवर चिन्ह मात्र दोन्हीकडे ५जीचंच दिसतं.

गोदाकाठ: जर्मनीचं मला माहीत नव्हतं, ते मान्य. पण एसएमएस काढून ॲप आणलं तर आईच्या फोनमध्ये ते बसणार कुठे? तिची बँक एसटीने तासाभरावर आहे. आधी साध्या फोनवर चालेल असं काहीतरी द्या, मग एसएमएस काढा.