देवचाराला पिशाच्च कोणी केले?

शिमेवरचा: अलीकडे वाचलेल्या तीन गोमंतकीय भयकथांत देवचार माणसे मारतो. लाल डोळे, रक्त, किंकाळ्या. मला याचा राग येतो. आमच्या गावात देवचार म्हणजे राखणदार. खांद्यावर घोंगडी, हातात काठी नि दिवटी, रात्रभर गावची शीम, म्हणजे वेस, फिरणारा. त्याला रोट (जाड भाकरी), केळी, विडी, फेणी ठेवतात आणि गाऱ्हाणे घालतात. वाट चुकलेल्याला तो घरापर्यंत सोडतो, हीच गोष्ट आजीने सांगितली. भीती होती, पण ती वडीलधाऱ्या माणसाची असते तशी. म्हापशाच्या बोडगेश्वराला कोणी भूत म्हणेल का? तोही राखणदारच. आयत्या सिनेमातले पिशाच्च उचलून त्याला आमच्या देवचाराचे नाव देऊ नका.

पोफळीखाली: माझे मत अगदी उलट आहे. माझ्या धाकट्या काकाला कातरवेळी कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, वाटेवर पायाला काहीतरी चावले. घरच्यांनी ठरवले, देवचार लागला. घाड्याला, म्हणजे गावच्या मांत्रिकाला, बोलावले, देवाचा कौल लावला, नारळ ठेवला. पहाटे इस्पितळात नेईपर्यंत उशीर झाला होता. त्या घरात वाढलेल्या मुलीने देवचार प्रेमळच रंगवावा, हा आग्रह का? कथाकाराला श्रद्धेची पहारेदारी करायची नसते.

बार्देसकर: थोडी भर घालतो. ख्रिस्ती कोंकणीत 'देवचार' म्हणजे सरळ सैतान. शेजारच्या हिंदू घरात तोच शब्द राखणदाराचा. म्हणजे त्याला भेसूर करणारे आजचे लेखक पहिले नव्हेत, एकाच वाड्यावर दोन्ही अर्थ कधीचे नांदताहेत. आणि तरी बोडगेश्वराच्या जत्रेत ख्रिस्ती भाविकही नवस फेडायला येतात! चांगली कथा मला या दोन अर्थांच्या मधल्या जागेत दिसते. तुम्ही दोघेही एकच अर्थ धरून बसलात.

डिचोलीकर: मुद्दा जमिनीचा आहे हो. देवचार शिमेचा. शीमच राहिली नाही तर तो फिरणार कुठे? आमच्या डिचोली तालुक्यातल्या साळ गावात होळीनंतर गडे, म्हणजे अंगात आलेले गावकरी, रात्री रानाकडे धावतात, ते पाहताना अजून अंगावर काटा येतो, कारण तिथे रान आहे, अंधार आहे. आमच्या बाजूचा डोंगर मात्र खाणीने पोखरला. २०१२ साली खाणी थांबल्या, खड्डा तसाच आहे, पावसाळ्यात पाण्याने भरतो. त्या डोंगराच्या देवचाराला आता रोट कुठे ठेवायचा, हे वडिलांनी मला खरोखर विचारले होते. मला उत्तर देता आले नाही. यावर कथा कोणी लिहिली तर सगळ्यांत आधी मी वाचीन.

शिमेवरचा: डिचोलीकर, तुमच्या वडिलांचा प्रश्न डोक्यातून जात नाही. पोफळीखाली, तुमच्या काकांचे वाचून फार वाईट वाटले. पण त्यांचा जीव उशिराने घेतला, देवचाराने नव्हे. ती कथा तुम्ही जरूर लिहा. फक्त त्यात देवचार दिवटी घेऊन इस्पितळाच्या वाटेवर उभा आहे आणि माणसे त्याला ओलांडून घाड्याकडे चालली आहेत, असे दाखवता येईल ना?

पोफळीखाली: नाही दाखवणार. त्या रात्री वाटेवर कोणीच उभे नव्हते. मी अंगणात होते, आठ वर्षांची. काका पाणी मागत होता, आणि कौल होईपर्यंत त्याला पाणी द्यायचे नाही असे सांगितले होते. मी तेवढेच लिहीन.