शास्त्रीजींच्या तब्येतीवर पंतप्रधानपदाचा किती ताण पडला?

प्रश्न: लालबहादूर शास्त्रींच्या ताश्कंदमधल्या मृत्यूवर तर्कवितर्क खूप चालतात. पण त्यांना आधीपासून हृदयविकार होता का?

उत्तर: हो. पहिला झटका 1959 चा. 9 जून 1964 ला शपथ घेतली आणि त्याच महिन्यात पुन्हा झटका आला, त्यामुळे जुलैतली लंडनची राष्ट्रकुल परिषद चुकली. पुढच्या 19 महिन्यांत अन्नटंचाई, भाषेचा वाद, कच्छमधला पाकिस्तानशी संघर्ष आणि सप्टेंबर 1965 चं भारत-पाक युद्ध. अशा रुग्णाला विश्रांती हवी असते, ती मिळालीच नाही. ताश्कंदला पाकिस्तानशी बोलणी 4 जानेवारी 1966 पासून, करार 10 ला. युद्धात घेतलेली काश्मीरमधली हाजीपीर खिंड परत देण्यावरून देशात टीका होणार हे उघड होतं. 11 ला पहाटे दीडच्या सुमारास ते गेले, वय 61. शवविच्छेदन न झाल्यानं शंका उरल्या. पण ही पार्श्वभूमी बाजूला ठेवून त्यांच्यावर बोलणं अन्यायाचं आहे.



घरावरचा भारही मोजा. फियाट गाडीसाठी घेतलेलं 5,000 रुपयांचं बँककर्ज त्यांच्या पत्नी ललितादेवींनी पुढे पेन्शनमधून फेडलं.