स्लो कुकरमधलं चिकन कोरडं पडतं आणि रस्सा पाणचट होतो

प्रश्न: स्लो कुकर (मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं) वापरते: १ किलो बोनलेस ब्रेस्ट (छातीचे बिनहाडाचे तुकडे), २ कप पाणी, 'लो'वर (कमी आचेवर) ८ तास. चिकनचा भुसा होतो, रस्सा मात्र पाण्यासारखा. काय बदलू?

उत्तर १: आधी ब्रेस्ट बदला. त्यात चरबी फार कमी असते, ३ तासांतच शिजतं, पुढे नुसतं सुकत जातं. दिवसभर घराबाहेर असाल तर हाडासकट थाय (मांडीचे तुकडे) घ्या. 'लो'वर ६ तास आरामात टिकतात. पाणी अर्धा कप पुरे. झाकणामुळे वाफ बाहेर जात नाही, शिवाय चिकनलाही पाणी सुटतं.

उत्तर २: बटाटे, गाजरं तळाशी, चिकन वर. भाज्यांना जास्त वेळ लागतो हो! दही किंवा क्रीम शेवटच्या १५ मिनिटांत, नाहीतर फाटतं. रस्सा तरीही पातळ वाटला तर १ मोठा चमचा कॉर्नफ्लोअर २ चमचे गार पाण्यात कालवून घाला, 'हाय'वर (जास्त आचेवर) २० मिनिटं.

उत्तर ३: गोठलेलं चिकन थेट टाकू नका. ते हळूहळू तापतं आणि तेवढ्या वेळात जंतू वाढतात. आदल्या रात्री फ्रिजमध्ये खाली काढून ठेवा. आतलं तापमान ७४ अंश सेल्सिअस हवं. आणि झाकण सारखं उघडू नका, दरवेळी वीसेक मिनिटं वाढतात.