गावच्या घरी जनरेटर घ्यावा का? (बाबा नको म्हणतायत)

पुण्यातला दापोलीकर

घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून दोनेक किलोमीटर आत. घरी आई-बाबा दोघंच. बाबा 74 चे, आई 69 ची. माडाची झावळी तारेवर पडली की लाईट गेली, हे आम्हाला नवीन नाही. पण 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या वाडीत 23 दिवस वीज नव्हती. मोबाईलचे टॉवर बंद. पाचव्या दिवशी खेडहून एकाने निरोप पोचवला तेव्हा कळलं की दोघं सुखरूप आहेत. विहीर दारातच, पण जूनच्या सुरुवातीला पाणी तळाला गेलेलं, आणि पंप बसवला तेव्हाच रहाट काढून टाकलेला. बाबा काठावर उभे राहून दोरीने बादली ओढत होते. हे मला नंतर शेजाऱ्यांकडून कळलं, त्यांनी स्वतः सांगितलं नाही.

पुढच्याच मे महिन्यात तौक्ते. तेव्हा चार दिवसांत लाईट आली.

इन्व्हर्टर आहे. आता 3 केव्हीएचा पेट्रोल जनरेटर बघतोय, दुकानदार साठ हजारांच्या आसपास सांगतोय. बाबांचं म्हणणं, "वर्षातल्या चार दिवसांसाठी हत्ती कशाला पोसायचा?" तुमचं काय मत?

आडातलं पाणी

डोळे मिटून जनरेटर घ्या. लोक या प्रश्नाला पंखा आणि दिवा धरून उत्तर देतात, खरा प्रश्न पाण्याचा आहे. 150 एएचची बॅटरी म्हणजे कागदावर 1800 वॅट-तास, हाताला बाराशे-तेराशे लागतात. त्यावर कमी वीज खाणारे दोन बीएलडीसी पंखे आणि चार एलईडी दिवे रात्रभर आरामात चालतात. पण घरगुती इन्व्हर्टरवर 1 एचपीचा पंप उचलतच नाही. जनरेटर दिवसभर चालवायचाच नाही. सकाळी तासभर लावा. वरची हजार लिटरची टाकी भरते, फ्रीज गार होतो, फोन चार्ज होतात, इन्व्हर्टरची बॅटरीही भरून निघते. लिटर-सव्वा लिटर पेट्रोलमध्ये दिवसाची सोय झाली. 74 वर्षांचा माणूस विहिरीच्या काठावर वाकतोय आणि आपण साठ हजारांचा हिशेब करतोय?

मुरुडची पडवी

मी घेतला होता, म्हणून सांगतो, घेऊ नका. पहिलं वर्ष कौतुकाचं. दुसऱ्या वर्षी टाकीत पेट्रोल तसंच राहिलं, कार्बुरेटरमध्ये चिकटा धरला. जूनमध्ये लाईट गेली, इंजिन सुरू करायची दोरी ओढून ओढून खांदा गेला, मशीन ढिम्म. मेकॅनिक तालुक्याच्या गावी, आणि रस्त्यावर झाडं पडलेली. खाऱ्या हवेने सायलेन्सरला भोक पडलं ते वेगळंच. सध्या त्यावर कोंबड्या बसतात.

आणि पेट्रोल आणणार कुठून? वादळात पंपावरही लाईट नसते. असली तरी कॅन घेऊन उभ्या माणसांची रांग बघा.

आडातलं पाणी

तो तुमच्या आळसाचा दोष झाला, मशीनचा नाही. महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं चालवायचा. ठेवून द्यायचा तर पेट्रोलचा नळ बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवायचं, म्हणजे कार्बुरेटर कोरडा होतो. एवढं तर आपण भाताच्या टिलरसाठीही करतो.

मुरुडची पडवी

बरं, आळशी मी. मग दर महिन्याला हे कोण करणार? मुलगा पुण्यात. तुम्ही घेणाऱ्याचा विचार करताय, चालवणाऱ्याचा करा. 74 वर्षांच्या हातात ती दोरी देऊन बघा आधी.

वायरमनचा मुलगा

घ्या किंवा नका घेऊ, पण घेतलात तर दोन गोष्टी ऐका.

पहिली. वायरीच्या दोन्ही टोकांना पिना लावून जनरेटरची वीज भिंतीतल्या सॉकेटमध्ये सोडायचा 'जुगाड' गावोगावी चालतो. मेन स्विच चालू राहिला की ती वीज उलटी डीपीकडे, म्हणजे वाडीच्या ट्रान्सफॉर्मरकडे जाते. डीपी उलटीही तितकीच इमानाने काम करते, तुमच्या 230 व्होल्टचे तारेवर 11 हजार करते. तिकडे खांबावर माझ्या बापासारखा कुणी लाईन बंद आहे समजून चढलेला असतो. चेंजओव्हर स्विच (एका वेळी एकतर लाईन नाहीतर जनरेटर, दोन्ही एकत्र कधीच नाही) बसवल्याशिवाय मशीन घरात आणू नका. पंप आणि एक बोर्ड, एवढंच त्यावर घ्या.

दुसरी. पाऊस लागतो म्हणून मागच्या पडवीत लावू नका. आमच्या शेजारी लावला होता, दार अर्धं उघडं होतं. तासाभरात आजीला उलट्या आणि डोकेदुखी. सगळ्यांना वाटलं पित्त. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. नशीब की आजीनेच "मला खळ्यात नेऊन बसवा" असा हट्ट धरला. घरापासून लांब, वर पत्रा, चारी बाजू उघड्या, आणि धूर खिडकीकडे येणार नाही असं तोंड. दुसरं काही नको.

आणि 'आडातलं पाणी', तासाभरात बॅटरी भरत नाही हो. 150 एएचला दहा-बारा तास लागतात. तासात फार तर दोन पंख्यांपुरतं दोन-अडीच तासांचं भरेल. 1 एचपी म्हणजे 746 वॅट हेही शाफ्टवर मिळणारे, वायरीतून हजार-अकराशे जातात आणि सुरू होताना करंट कितीतरी पट. 2 केव्हीएचं घेऊ नका, पंप लावल्या लावल्या धापा टाकेल.

आडातलं पाणी

बॅटरीचं मान्य, चुकलो. पाण्याचं मात्र सोडत नाही.

छपरावर सूर्य

आजच्या काळात पेट्रोल जाळायचं? केंद्राच्या सूर्यघर योजनेत 2024 मध्ये 3 किलोवॅटला 78 हजारांचं अनुदान जाहीर झालं. सोलर लावा, बिलही वाचेल.

वायरमनचा मुलगा

आणि लाईट गेली की ते सोलरही बंद पडेल. साधं ऑनग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट लाईनला जोडलेलं असेल तर लाईनमध्ये वीज नसताना त्याने बंद पडायलाच हवं, मघाशी सांगितलं त्याच खांबावरच्या माणसासाठी. डोक्यावर कडक ऊन आणि घरात अंधार. हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घेतली तर गोष्ट वेगळी, मग खर्चही वेगळा.

मुरुडची पडवी

शिवाय निसर्गमध्ये आमच्या अर्ध्या आळीची कौलं आणि पत्रे उडाले. पॅनल तिथेच बसून राहिले असते याची खात्री कोण देतंय?

ह्यूस्टनचा पाहुणा

इथे फेब्रुवारी 2021 च्या हिमवादळात घरात कुडकुडत काढले ते दिवस आठवले. जुलै 2024 मध्ये बेरील चक्रीवादळ आलं तेव्हा मात्र आमच्याकडे गॅसवर चालणारा जनरेटर होता. लाईट जाताच आपोआप सुरू होतो, दोरी नाही, पेट्रोल नाही. दर आठवड्याला स्वतःच पाच-दहा मिनिटं चालून बघतो. आई-वडिलांसाठी असलं काही बघा.

आडातलं पाणी

साहेब, तुमच्याकडे गॅस जमिनीखालून पाइपने येतो. आमच्याकडे सिलिंडर संपला की आधी दुसरा कुणाकडे मिळतो ते बघायचं.

लातूरकर

आम्ही भारनियमनाची बारा-बारा तासांची वर्षं काढली, तुमचे 23 दिवस ऐकून हसू येणार होतं, पण पाणी हातभर अंतरावर असून काढता येत नाही हे वाचून नाही आलं. आमच्याकडे निदान ते नव्हतंच. एक विचारतो, रहाट परत का नाही बसवत? दोन दांडे, एक कप्पी. वाकायला तरी लागणार नाही.

पुण्यातला दापोलीकर

सगळं वाचलं. आईला फोन केला. रहाटाचं नाव काढताच म्हणाली, "मी चार वर्षं तेच सांगतेय." मला कधी सांगितलं नव्हतं, बाबांनाच सांगत असावी. तर रहाट ठरला. गावातला सुतार दिवाळीआधी करून देतो म्हणालाय, कुठली दिवाळी ते विचारायचं राहिलं.

जनरेटरचा निकाल अजून लागलेला नाही. आईला एक काळजी आहे जी मला इथे येईपर्यंत कळलीच नव्हती. वाडीतल्या एका काकांना डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन दिलंय. ती म्हणाली, "उद्या आपल्यातल्या एकाला लागलं तर?"

वायरमनचा मुलगा

मिनिटाला पाच लिटर ऑक्सिजन देणारं मशीन तीनशे-साडेतीनशे वॅट घेतं. 150 एएचची बॅटरी साडेतीन-चार तास पुरेल. पुढे सिलिंडर भरलेला हवा, नाहीतर जनरेटर. यात मत नाही, हिशेब आहे.

मुरुडची पडवी

ते आलं तर मीही घ्या म्हणेन. पण मग बटणाने सुरू होणारा घ्या, आणि त्या बटणाची छोटी बॅटरी चार्ज आहे का हे बघणारा माणूस वाडीत ठरवून ठेवा. महिन्याला पाचशे रुपये द्या त्याला. माझा हवा असेल तर घेऊन जा, कोंबड्यांना दुसरी जागा बघतो.

पुण्यातला दापोलीकर

शनिवारी गावी जातोय. दुकानदार दोन्ही प्रकार घरी आणून दाखवतो म्हणालाय. आधी दोरीवाला खळ्यात ठेवतो आणि बाबांना काही न सांगता बाजूला उभा राहतो.