मदत हवी आहे: रणगाड्याच्या गोळ्यात टंगस्टन सोडून युरेनियम का?

नळस्टॉप: सोमवारी सेमिनार आहे आणि गाईड एकाच स्लाइडवर अडून बसलेत. डिप्लिटेड युरेनियम (बरंचसं युरेनियम-235 काढून घेतल्यावर उरलेलं) जड म्हणून वापरतात, असं मी लिहिलंय. ते म्हणतात, टंगस्टनही तेवढंच जड, मग? नेटवर तेच तेच सापडतंय. नेमकं कारण हवंय, लवकर.

धातुवेडा: गोळा की चिलखत? शाखा कोणती? तुलना शुद्ध टंगस्टनशी की हेवी अलॉयशी (टंगस्टनच्या मिश्रधातूशी)?

तोफखाना: सरळ आहे. युरेनियमचा चुरा हवेत पेट घेतो. चिलखत फोडून आत गेला की इंधन, दारूगोळा पेटतो. हेच लिहा.

धातुवेडा: तो आत शिरल्यानंतरचा परिणाम झाला, भोक त्याने पडत नाही. शुद्ध टंगस्टनची घनता घन सेंटीमीटरला 19.3 ग्रॅम, युरेनियमची साधारण 19. पण शुद्ध टंगस्टन ठिसूळ. त्याची पूड निकेल-लोखंडाबरोबर सिंटर करतात (दाबून, तापवून एकजीव करतात), तेव्हा घनता 17-18 वर येते. शाखा सांगा की.

नळस्टॉप: मेटलर्जी. गोळा. चिलखताचीही एक स्लाइड आहे.

धातुवेडा: मग हे घ्या. गोळा सेकंदाला दीड किलोमीटरच्या पुढे जातो. सॅबो (दांड्याला नळीत धरून ठेवणारं हलकं आवरण) नळीबाहेर सुटून पडतो, आदळतो तो फक्त बारीक लांब दांडा. टोकाशी तयार झालेली उष्णता पसरायला वेळच मिळत नाही. युरेनियम-टिटॅनियम (0.75 टक्के टिटॅनियम) अरुंद पट्ट्यांत मऊ पडतं, त्या पट्ट्यांवरून कडेचा धातू निसटतो आणि टोक अणकुचीदार राहतं. टंगस्टन अलॉयचं टोक मात्र अळंबीसारखं फुगतं. भोक रुंद पडतं, ऊर्जा तिथेच खर्च होते आणि खोली कमी मिळते. याला ॲडियाबॅटिक शिअर म्हणतात. गाईडना हेच हवं असणार.

गामा: चाकण-भोसरीकडे वेल्ड तपासायला जे गामा किरणांचे कॅमेरे येतात, त्यांत किरणोत्सारी इरिडियम-192 भोवती बरेचदा याच युरेनियमचं कवच असतं. शिशापेक्षा कमी जाडीत भागतं.

तोफखाना: हे कुणी विचारलं? आणि धातुवेडा, टंगस्टनला इतकं खाली ढकलू नका. जर्मनांनी युरेनियम न वापरता 120 मिमी तोफेची नळीच 1.3 मीटरने लांब केली, वेग वाढवला. आपल्याकडे तिरुचिरापल्लीला दांडे टंगस्टनचेच होतात.

धातुवेडा: वेग वाढवून भरपाई करावी लागली, हाच माझा मुद्दा. चिलखतासाठी: अमेरिकेच्या एम1ए1 रणगाड्यावर 1988 पासून टरेटच्या (वरच्या फिरत्या बुरुजाच्या) पुढच्या भागात युरेनियम, पोलादात बंद केलेलं. आतली रचना गुप्त आहे, मनाने काढू नका.

गामा: विषारीपणाची ओळ टाकाच. डिप्लिटेडमध्ये युरेनियम-235 उरतं 0.2-0.3 टक्के, नैसर्गिकात 0.7. अल्फा कण कातडीत अडतात. आघातानंतरची ऑक्साइडची धूळ श्वासातून गेली तर मूत्रपिंडाला त्रास.

कर्वेरोड: नगरचं रणगाडा म्युझियम बघून या, एका दिवसात होतं.

नळस्टॉप: म्युझियम नको! फुगलेल्या आणि अणकुचीदार टोकाची आकृती कशी दाखवू?

धातुवेडा: दोन्ही दांड्यांचे उभे छेद शेजारी शेजारी, एकाच मापात. युरेनियमच्या टोकाला शिअरच्या पट्ट्या तिरक्या काढा आणि दोन्ही भोकांचा व्यास लिहायला विसरू नका, पहिला प्रश्न त्यावरच येईल.